भट्टी मुलांच्या कलाने

सकाळी साडेसहा

कुलूप काढून आधी मोठ्या भट्टीपाशी जाते. मीटरवर १६० अंश. काल रात्री नऊला ग्लेझची, म्हणजे भांड्यांवरच्या काचेसारख्या लेपाची, भाजणी संपली तेव्हा हजार होते. डिसेंबरात नोएडाच्या सेक्टर १० मधल्या आमच्या या शेडमध्ये पहाटे पारा आठ-नऊ अंशांवर असतो, त्यामुळे भट्टी उन्हाळ्यापेक्षा लवकर निवते आणि दार उघडून बघायची ओढही लवकर लागते. पण भांडी ९० अंशांच्या खाली उतरेपर्यंत त्यांना बाहेरची हवा लागू द्यायची नाही. गरम भांड्याची एक बाजू अचानक आकसली की ते काठापासून बुडापर्यंत तडकते.

शेजारची लहान भट्टी रात्रभर ८५ अंशांवर ठेवली होती. मदतनीस मागच्या खोलीतच झोपतो, त्याने दोनदा उठून पाहिले आहे. आत एका शाळेच्या तिसरी-चौथीच्या मुलांचे कच्चे काम आहे: हत्ती, कासवे, पणत्या, एक ई-रिक्षा, दारावर लावायच्या नावाच्या पाट्या. वरून सगळे वाळलेले दिसते. पण भट्टीत ठेवण्याआधी गालाला लावून पाहिले तर हत्तीचे पोट अजून गार लागत होते, आणि गार लागणारी माती म्हणजे पोटात पाणी. पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे पटींहून जास्त जागा लागते. जाड मातीतून बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर वाफ ती स्वतः करून घेते, आणि भट्टी उघडल्यावर हत्तीच्या जागी मूठभर खडे मिळतात. शेजारच्या कासवाचीही पाठ त्याने फोडलेली असते.

म्हणून शंभराच्या खाली थांबायचे. किती वेळ, हे भट्टीलाच विचारावे लागते. वरच्या भोकाची गुल्ली काढून मी त्यावर लहान आरसा धरते. आरसा धुरकटला, म्हणजे आत ओल आहे. आणखी अर्धा तास. सात वाजता आरसा स्वच्छ राहिला तेव्हा भट्टी चढती लावली: ६०० अंशांपर्यंत ताशी ६०, तिथून १०६० पर्यंत ताशी १५०.

इथे एका समजुतीबद्दल बोलायलाच हवे. मातीत हवेचा बुडबुडा राहिला की वस्तू फुटते, असे शाळाशाळांतून सांगितले जाते. बंद पोकळ गोळासुद्धा पूर्ण वाळलेला असेल तर सुखरूप भाजून निघतो, कारण कच्च्या मातीतून हवा झिरपून जाते. फोडते ते पाणी. हा फरक क्षुल्लक नाही. बुडबुड्याला दोष दिला की मुलाने माती नीट मळली नाही असे ठरते. पाण्याला दिला की विचारावे लागते, वाळायला पुरेसे दिवस कोणी दिले नाहीत, भट्टी कोणी घाईने चढवली. ही दोन्ही कामे मोठ्या माणसांची असतात. मुलांच्या वस्तूंचे जे काही फुटणे-बिघडणे माझ्यापुढे येते, त्यातल्या बहुतेकांचा माग असाच कुणा मोठ्याच्या घाईपाशी जाऊन थांबतो.

साडेआठ

भिंतीवरच्या व्होल्टमीटरवर काटा २०५ वर. असायला हवा २३० वर. आजूबाजूच्या सोसायट्यांतले गीझर या वेळी एकदम चालू असतात. २३० चे २०५ म्हणजे जेमतेम अकरा टक्क्यांची घट वाटते, पण भट्टीच्या तारेतून निघणारी उष्णता विजेच्या दाबाच्या वर्गाच्या हिशेबाने बदलते, म्हणजे भट्टीला वीस टक्के कमी आंच मिळते. सकाळी खालच्या तापमानाला ते चालून जाते. संध्याकाळी खोल्याखोल्यांतून हीटर लागतात आणि नेमकी तेव्हा भट्टी शेवटच्या चढावर असते. त्यात लोखंड, क्रोमियम आणि अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या या तारा जुन्या होत जातात तसा त्यांचा रोध वाढतो. मग मीटर हजारावर पोचायला तासभर जास्त घेतो आणि त्या तासात ग्लेझ नको तितके शिजते. म्हणून मी ग्लेझच्या भाजणीच्या दिवशी दर तासाचा विजेचा दाबही वहीत मांडते. एखादे ग्लेझ ओघळले तर आधी त्या पानावर बघते, मुलाने किती थर दिले ते नंतर.

साडेदहा

मोठ्या भट्टीचा मीटर ८४. दार उघडले.

वरच्या फळीवर सगळे ठीक. निळ्या पणत्या, हिरवे घुबड, आणि एक पिवळी बस, जिची चाके मालकिणीने मुद्दाम वेगवेगळ्या आकाराची केली आहेत. खालच्या दोन फळ्यांवर माझे खरे काम आहे.

पहिला मासा. पाठीवरचे पांढरे ग्लेझ जागोजागी मागे सरून गोळा झाले आहे, मध्ये लाल माती उघडी. तेलकट तव्यावर पाणी शिंपडले की थेंब असे गोळा होतात. कारणे तीन-चार असू शकतात: भाजलेल्या मातीवर धूळ राहिली, ग्लेझ फार जाड बसले, किंवा ग्लेझमध्ये कच्ची माती जास्त असल्याने ते वाळतानाच भेगाळले. पण या माशावरचे उघडे ठिपके लांबट गोल आहेत, एकाच बाजूला चार आणि पलीकडे एक. चार बोटे आणि अंगठा. मुलीने मासा जिथे धरला होता तिथेच ग्लेझ बसलेले नाही. उत्तर भारतातल्या थंडीत आया सकाळी मुलांच्या हातांना सरसोचे तेल किंवा कोल्ड क्रीम चोळतात, आणि वर्गात येताना तो थर हातावर असतोच. आमच्याकडे हे दुखणे नोव्हेंबर ते फेब्रुवारी वाढते आणि मार्चमध्ये कमी होते. उपाय सोपा आहे: रंगवायच्या आधी साबणाने हात धुवायचे आणि वस्तू ओल्या स्पंजाने पुसून घ्यायची. ग्लेझ न लावलेली वस्तू आधीच तेलकट झाली असेल तर ती पुन्हा एकदा भाजून तेल जाळून टाकायचे. या माशाच्या उघड्या जागी मी थोडे घट्ट ग्लेझ भरून त्याला पुन्हा भट्टीत घालीन. ठिपके पुरते भरतील असे वचन मात्र देता येत नाही, आणि ते मुलीला आधी सांगायचे.

दुसरा, एका शाळेने स्वतःच्या भट्टीत कच्चा भाजून इथे फक्त ग्लेझसाठी पाठवलेला जाड बुडाचा कप. त्यावर सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रे. लाल मातीत सेंद्रिय अंश असतो, तो ३०० ते ९०० अंशांच्या दरम्यान जळून वायू होतो. पहिली भाजणी उरकून घेतली, किंवा ग्लेझच्या तापमानाइतकीच ठेवली, तर हा वायू आत उरतो आणि दुसऱ्या भाजणीत वितळलेल्या ग्लेझमधून बुडबुडे काढीत निघतो. म्हणून मुलांच्या लाल मातीला मी पहिली भाजणी १०६० अंशांपर्यंत देते आणि ग्लेझ हजारावर थांबवते. जो वायू जायचा तो आधीच जातो. शेवटी वीस मिनिटे तापमान स्थिर ठेवले की उरलेली छिद्रेही बहुधा भरून येतात. कपाच्या खाली चिठ्ठी लावली: छिद्रे चोळून बुजवणे, पुन्हा भाजणे.

तिसरा वाडगा हातात घेतल्यावर टिंग असा आवाज आला, आणि थांबून पुन्हा एकदा. ग्लेझवर केसांएवढ्या चिरा पडत होत्या. थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसले तर ते ताणले जाते आणि चिरते. सोडियम आणि पोटॅशियमचा अंश ग्लेझला जास्त आकसवतो, सिलिका आणि बोरॉन त्याला आवरतात, तेव्हा ग्लेझमध्ये थोडी गारगोटीची पूड वाढवून चाचणीच्या चकत्या करायच्या. लेप पातळ लावूनही फरक पडतो. कधी भांडे भट्टीतून निर्दोष निघते आणि चार महिन्यांनी चिरते, कारण सच्छिद्र लाल माती हवेतली ओल शोषून हळूहळू फुगते. दिसायला या चिरा सुंदर असतात, कित्येक चिनी कुंभारांनी त्या मुद्दाम घडवल्या. पण मूल त्या वाडग्यात दूध-पोहे खाणार असेल तर चिरांत दूध मुरते आणि आंबते. वाडग्याला किल्ल्या ठेवायचे काम द्यावे, असे मी त्याच्या आईला सांगेन.

चौथ्या वस्तूचे, एका टोपीवाल्या बाहुलीचे, ग्लेझ ओघळून खाली थारोळे झाले आहे. मुले रंग देतात तेव्हा सहा-सहा हात देतात आणि बुडापर्यंत देतात. तळाचा भाग कोरा ठेवा, असे सगळीकडे शिकवतात आणि आम्हीही सांगतो. पण सात वर्षांचे मूल बाहुलीच्या चपला कोऱ्या ठेवणार नाही, आणि ते बरोबरच आहे. चपलांना रंग असतो. मी ओरडत बसण्यापेक्षा प्रत्येक वस्तूखाली भाजलेल्या मातीची एक टाकाऊ चकती ठेवते, तिच्यावर अॅल्युमिना आणि केओलिनचा लेप असतो. बाहुली चकतीला चिकटली, भट्टीची फळी वाचली, बूड घासून काढले की काम झाले.

पाचवी ताटली दोन तुकड्यांत निघाली. तुकड्यांच्या कडा हाताने तपासल्या. ग्लेझची कड धारदार असेल तर ताटली थंड होताना फुटली. कड वितळून गोल झाली असेल तर फूट आधीची, भट्टी चढताना पडलेली, आणि ग्लेझ तिच्यावरून नंतर वितळले. ही कड बोटाला कापणारी आहे. ताटली दाराजवळ होती, तिथे थंडी आधी पोचते. यापुढे सपाट रुंद वस्तू फळीच्या मध्यावर.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीला, गांधीवादी कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभ्या केलेल्या ग्रामोदय संघात मी मातीकाम शिकले. फुटलेले न टाकता आधी वाचायचे, ही सवय तिथली. मुलांच्या कामात ती दुप्पट उपयोगी पडते, कारण मोठ्या कारागिराचा पेला पुन्हा घडवता येतो. सात वर्षांच्या मुलीने केलेली बाहुली आठव्या वर्षी तीच मुलगी पुन्हा करू शकत नाही.

पावणेबारा

खुर्ज्याहून आम्हाला माल पुरवणारे चाचा आले, छोट्या टेम्पोतून. माती, फ्रिट, दोन नव्या ग्लेझच्या गोण्या. खुर्जा बुलंदशहर जिल्ह्यात, नोएडाहून सकाळी निघून दुपारी परतता येते. चिनी मातीच्या कप-बशा, बरण्या, कुंड्या तिथल्या गल्लीगल्लीत होतात, आणि केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेचे एक केंद्रही तिथे आहे. जिल्हा दिल्लीभोवतीच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात, म्हणजे एनसीआरमध्ये मोडतो. एनसीआरमधल्या कारखान्यांत १ जानेवारी २०२३ पासून कोळसा जाळायला बंदी आली, तोवर तिथल्या पुष्कळ भट्ट्या गॅसवर गेलेल्या होत्या. दिल्लीच्या बाजूची स्टुडिओ पॉटरी थेट सरदार गुरुचरण सिंग यांच्यापर्यंत मागे नेता येते. ते जपानमध्ये शिकून आले आणि १९५२ साली त्यांनी दिल्ली ब्लू पॉटरी सुरू केली. पण आम्हा सगळ्यांची रोजची चूल पेटते ती खुर्ज्याच्या मालावर.

चाचांनी नव्या लाल ग्लेझची चकती दाखवली. चकचकीत, एकसारखी.

"बेटी, बच्चों के लिए यही रखो. मोटा-पतला सब सँभाल लेता है."

"सीसा है क्या, चाचाजी?"

ते क्षणभर थांबले, मग म्हणाले की विचारून सांगतो. मी गोणी परत टेम्पोत ठेवायला सांगितली. त्यांना राग आला नाही, ते माझा हा प्रश्न ओळखून आहेत. शिसे असलेले ग्लेझ कमी तापात वितळते, झळाळते, आणि मुलांचे वेडेवाकडे फराटे समजून घेते. म्हणूनच ते मुलांच्या कामाजवळ येता कामा नये. मुले बोटे तोंडात घालतात, ग्लेझची वाळलेली पूड नखांत राहते, आणि मुलाच्या रक्तात शिशाचे इतके प्रमाण चालेल अशी सुरक्षित मर्यादाच नाही, हे जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. त्याऐवजी आम्ही बोरॉनचे फ्रिट वापरतो. टाकणखार पाण्यात विरघळतो, म्हणून तो सिलिकेबरोबर आधी वितळवून काच करायची आणि दळायची, ते फ्रिट. त्याच्या प्रत्येक नव्या लॉटचा नमुना प्रयोगशाळेत जातो, कागद आल्यावरच डब्यावर 'मुलांसाठी' अशी चिठ्ठी लागते. रंग थोडे मवाळ येतात, हे मला मान्य आहे.

चाचा चहा घेत होते तेव्हा एका बाईंचा फोन. दोन आठवड्यांपूर्वी घरी नेलेल्या घोड्याच्या पाठीची खपली आपोआप उडाली, मुलाला वाटते आहे की धाकट्या भावाने मारले. मी विचारले, खड्ड्याच्या तळाशी पांढरा कण दिसतो का? दिसत होता. गंगा-यमुनेच्या या मैदानातल्या मातीत कंकर असतो, चुन्याचे खडे. भाजताना त्यांची चुनकळी होते, ती हवेतली ओल पिऊन फुगते आणि वरची माती उडवते. धाकटा भाऊ निर्दोष आहे, हे मी त्या मुलाशीच फोनवर बोलून सांगितले. चाचांनी ऐकले आणि म्हणाले, पुढची माती ऐंशीच्या चाळणीतून दोनदा काढून आणतो.

एक

सेक्टर ५० कडच्या एका शाळेत. तिथल्या कलाशिक्षिकेचा काल रात्री फोन होता: मॅम, सगळे वितळले.

भट्टी उघडून पाहिली. फळीवर तपकिरी काळसर थर, त्यात बुडालेली कासवे, फुगून फोड आलेल्या पणत्या. वीस-बावीस मुलांचे काम. कंट्रोलरवरचा आकडा बघितला: ६. हवा होता ०६.

ही गफलत जगभर होते आणि तिला इतिहास आहे. भट्टीतला ताप मोजायला बर्लिनमध्ये हेर्मान सेगर यांनी १८८६ साली मातीचे छोटे शंकू केले, ठराविक उष्णता मिळाली की वाकणारे. त्यांची मालिका एकपासून वर गेली, कारण त्यांना चिनी मातीची उंच तापमाने मोजायची होती. नंतर खालच्या तापमानांची गरज लागली तेव्हा एकच्या खाली आकडे उरले नव्हते, म्हणून पुढे शून्य लावून उलटे मोजायला लागले. अमेरिकेत एडवर्ड ऑर्टन यांनी १८९६ मध्ये आपले शंकू केले तेही असेच. त्यामुळे ०६ म्हणजे हजार अंशांच्या आसपास, ०४ म्हणजे १०६०, आणि नुसता ६ म्हणजे १२२०. एका शून्याने सव्वादोनशे अंश वाढतात. साधी लाल माती एवढे सोसत नाही, आधी फुगते, मग बसते, मग वाहते.

शिक्षिका तरुण आहे, रडवेली झाली होती. तिला मी एवढेच म्हटले की कंट्रोलरवर अंशांतले तापमान लिहिलेली पट्टी चिकटव आणि भोकासमोर नेहमी तीन शंकू ठेव: हवा तो, एक खालचा, एक वरचा. मीटर भट्टीतल्या हवेचे तापमान सांगतो, मातीने किती उष्णता घेतली ते शंकू सांगतात.

मग वरिष्ठ बाई आल्या. शनिवारी प्रदर्शन आहे, पालक येणार आहेत. तुमच्या स्टुडिओत आठवड्याभरात तशीच कासवे करून मिळतील का, मुलांना कळणारही नाही. असे करणारी ठिकाणे आहेत, हे मला माहीत आहे. मी नाही म्हटले, आणि का ते त्यांना नीट सांगितले. मुलाला कळते. आपण शेपटी कुठे दाबली होती ते त्याच्या बोटांना आठवत असते. आणि नाही कळले, तर ते आणखी वाईट. मग ते मूल दुसऱ्याच्या हातच्या कासवावर कौतुक ऐकत उभे राहील.

त्यांनी ऐकून घेतले. मुलांना बोलावले. मी ती फळी त्यांच्यासमोर ठेवली आणि काय झाले ते जसेच्या तसे सांगितले: आकडा चुकला, मोठ्यांकडून चुकला, तुमच्या हातून काही चुकले नव्हते. दोघी-तिघी रडल्या. मग एका मुलाने विचारले, माती वितळते तर दगडही वितळतो का? मी त्यांना सह्याद्रीबद्दल सांगितले. महाराष्ट्रातले ते काळे डोंगर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहत आलेला दगड आहे, आणि तो साधारण एवढ्याच तापावर वाहत होता. त्यानंतर प्रश्न आवरेनात. लोखंड? काच? आपण? शनिवारी ती फळीच प्रदर्शनात ठेवायची असे वर्गाने ठरवले, खाली कुणाचे कासव कुठे आहे याचा नकाशा काढून.

तीन

परत आले तेव्हा लहान भट्टी ५६५ वर. पुढची दहा मिनिटे मी तिच्याजवळच असते. ५७३ अंशांना मातीतली गारगोटी आपली रचना बदलते आणि एकदम फुगते. उतरताना त्याच आकड्यावर ती तशीच एकदम आकसते. जाड-बारीक एकत्र असलेल्या वस्तूला, म्हणजे सुळे असलेल्या हत्तीला, हे दोन्ही क्षण अवघड. मातीच्या कणांत बांधलेले पाणीही याच टप्प्यात निघून जाते. सहाशेच्या पुढे मातीचा भिजून पुन्हा कधीही चिखल होत नाही.

सगळे शांतपणे पार पडले. आतून आवाज नाही.

चार

मुले आली. बारा जण. भट्ट्या जाळीच्या कुलूपबंद दारामागे आहेत, तिथे मुलांना प्रवेश नाही. नव्या दोघांना वाटीला कान जोडायचा होता. दोन्ही बाजू खरवडायच्या, मातीची पातळ लेई लावायची, दाबून हलवायचे. खरवडल्याशिवाय चिकटवलेला कान वाळताना सुटतो, आणि तो भट्टीचा दोष नसतो.

मुलांच्या मातीत मी चौथा हिस्सा भाजलेल्या मातीचा भुगा घालते. तो मातीला मोकळी करतो, वाफेला वाटा देतो, आकसणे कमी करतो. आपल्याकडचे कुंभार लीद आणि राख घालायचे ते याच कामासाठी. हा भुगा आम्ही फुटलेल्या कच्च्या भाजणीच्या तुकड्यांचाच करतो. ग्लेझ लागलेला तुकडा त्यात चालत नाही. वाफेने फुटलेला हत्ती असा पुढच्या वर्गाच्या मातीत जातो, आणि मुलांना ते माहीत असते.

आजचा मोठा प्रश्न किल्ला हा होता. सेक्टर ६२ मधल्या एका मराठी कुटुंबातला मुलगा, चौथीत. फ्लॅटच्या गॅलरीत दिवाळीचा किल्ला करायला माती कुठून आणायची, म्हणून त्याने तो इथे केला. शिवनेरी. भाजून कायमचा ठेवायचा ठरले आहे. पण किल्ला म्हणजे त्याच्या दृष्टीने भरीव डोंगर, बुडाशी दहा सेंटिमीटर जाड. प्लास्टिकखाली इतके दिवस ठेवूनही आत ओल आहे. वरून बोट दाबले तर उमटत नाही, पण नख लागते.

बोटापेक्षा जाड काही करायचे नाही, असा नियम बहुतेक ठिकाणी असतो. मला तो पटत नाही. मूल डोंगर म्हणते तेव्हा त्याला वजन हवे असते, उचलताना जड लागले पाहिजे. पातळ पट्ट्यांचे आणि साच्यांचे काम देऊन आपण भट्टी सांभाळतो आणि मुलाची कल्पना भट्टीच्या मापाची करतो.

आई काळजीत होती. "ताई, मधून कापायचा म्हणाल तर तो रडेल हो."

"कापायचा नाहीच," मी म्हटले, आणि मुलाला विचारले, शिवनेरीवर पाणी कुठे असते रे?

"टाक्यांत. गंगा-जमुना टाकी."

"ती खडकात खोदलेली असतात ना? मग आपणही खोदू. खालून."

किल्ला उशीवर उलटा केला. त्याने स्वतः तारेच्या कोरण्याने बुडातून टाकी खोदायला घेतली. मी फक्त जाडी सुईने मोजून सांगत होते: अजून, अजून, बस. भिंती दीड-दोन सेंटिमीटरच्या ठेवल्या, मध्ये दोन खांब. वरचे बुरूज, दरवाजे, शिवाई देवीचे देऊळ, कशालाही हात लागला नाही. निघालेली माती पाहून तो म्हणाला, काकू, याचा अजून एक किल्ला होईल. लगेच सुरू केला.

साडेसात

विजेचा दाब २१०. लहान भट्टी अपेक्षेपेक्षा अर्धा तास मागे होती. काळा चष्मा लावून भोकातून पाहिले: मधला शंकू वाकून टेकलेला, वरचा ताठ. मीटर १०५२ म्हणत होता. शंकूचे ऐकले आणि बंद केली. फरक आठ अंशांचा असला तरी नोंदवला. मीटरला तापमान कळवणारे थर्मोकपल जुने होत आले की आधी असेच थोडे थोडे खोटे बोलू लागते.

मदतनीस फरशी ओल्या फडक्याने पुसून गेला. झाडू आम्ही वापरत नाही. मातीची बारीक पूड म्हणजे सिलिका, ती हवेत उडाली की तासन्‌तास तरंगते आणि मुलांच्या फुप्फुसांत जाते. नोएडाच्या डिसेंबरातल्या हवेत आणखी भर घालायला नको.

माशाच्या उघड्या जागा भरल्या, कपाची छिद्रे चोळून बुजवली, दोन्ही वाळायला ठेवले. वाडग्यासाठी गारगोटीची पूड तीन वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळून चकत्या केल्या.

नऊ

वही लिहिली. मासा: हात तेलकट. कप: पहिली भाजणी अपुरी. ताटली: दाराजवळ, थंडी. घोडा: कंकर. बाहुली: काही बिघाड नाही, चकती वाया. प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्याला काय सांगायचे तेही लिहिले, कारण मंगळवारी वर्ग दुसरी शिक्षिका घेईल आणि तिने माशाच्या मुलीला गोड बोलून वाटेला लावू नये.

मग कॅलेंडर काढले. किल्ला आता प्लास्टिक सैल करून वाळवायचा. धुक्याच्या दिवसांत त्याला तीन-चार आठवडे तरी लागतील. जानेवारीच्या शेवटी लहान भट्टीचे दोन दिवस त्याच्या नावाने राखून ठेवले: आधी २४ तास ८५ अंशांवर, आरसा कोरडा येईपर्यंत, मग ताशी ३० ने सहाशेपर्यंत. एका शाळेची पन्नास पदके त्याच आठवड्यात भाजायची होती. त्यांना फेब्रुवारीची तारीख कळवली.